तीनशे वर, तीनशे खाली

मध्यरात्र आहे, एन्लिल झोपलाय, आणि त्याच्या घराला देवांनीच वेढा घातलाय. लहान देवांनी. हातातली फावडी जाळून टाकलीत, डोक्यावरची टोपली जाळून टाकलीत, आणि सगळे थेट दारापर्यंत आलेत. कल्कल म्हणून दारवान आहे, त्याला आधी चाहूल लागते, तो कडी लावतो आणि नुस्कूला उठवतो, नुस्कू म्हणजे एन्लिलचा कारभारी, मग तो मालकाला उठवतो की उठा, घराला वेढा पडलाय. एन्लिल म्हणजे सगळ्या पृथ्वीचा धनी, त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, पण त्या रात्री त्याचं तोंड पार उतरून जातं आणि नुस्कूलाच त्याला विचारावं लागतं की ही तुमचीच लेकरं ना, मग भेता कशाला?

ही गोष्ट बाबिलोनची, म्हणजे आजच्या इराकातली आहे, अत्राहासिसच्या काव्यातली. मातीच्या तीन पाट्या, १२४५ ओळी, आणि जी सगळ्यात चांगली प्रत सापडली ती इपिक-अया नावाच्या लेखनिकानं अम्मी-सादुका राजाच्या काळात उतरवलेली, म्हणजे इ.स.पू. १७ वं शतक. लोकांना यातला पुढचा जलप्रलय माहीत असतो, अत्राहासिसनं होडी बांधून माणसं-जनावरं वाचवली ते. पण माझा जीव अडकलाय तो सुरुवातीच्या भागात, त्या वेढा घालणाऱ्या लहान देवांमध्ये. त्यांना म्हणतात इगिगी. यंदाच्या हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी देताना, आमच्याकडे ओलिताची लाईन बरेचदा रात्रीचीच असते, धुऱ्यावर बसून मोबाईलवर हेच वाचत होतो आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

तर इगिगी कोण. सुरुवातीला माणूस नव्हता, नुसते देव होते. मोठ्या देवांनी चिठ्ठ्या टाकून वाटणी केली, अनूला आकाश मिळालं, एन्लिलला पृथ्वी, आणि एन्कीला जमिनीखालचं गोडं पाणी. वाटणी झाली पण काम कोण करणार? कारण तो देश असा आहे की काम केल्याशिवाय तिथे काहीच उगवत नाही. पाऊस जवळजवळ नाहीच, सगळी भिस्त तिग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांवर, आणि त्या नद्यांना पूर येतो वसंतात, डोंगरातला बर्फ वितळल्यावर, म्हणजे नेमका पीक कापणीला आलेलं असतं तेव्हा. पेरणीला पाणी हवं तर नद्या उतरलेल्या. म्हणून कालवे खोदायचे, बांध घालायचे, पाणी अडवायचं, वळवायचं, आणि त्या पाण्याबरोबर इतका गाळ येतो की कालवे पुन्हा पुन्हा भरतात, पुन्हा पुन्हा उपसावे लागतात. बाबिलोनचा राजा हम्मुराबी, त्याच्या कायद्यात कलमच आहे की ज्यानं आपल्या बांधाकडे दुर्लक्ष केलं आणि बांध फुटून शेजाऱ्यांच्या वावरात पाणी शिरलं, त्यानं बुडालेलं धान्य भरून द्यायचं, आणि देता आलं नाही तर त्याला आणि त्याच्या मालमत्तेला विकून पैसे वाटून घ्यायचे. इतकं कडक. ज्याला धुऱ्यावरून होणारी भांडणं माहीत आहेत त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

हे सगळं काम सात मोठ्या देवांनी, म्हणजे अनुन्नाकींनी, इगिगींवर टाकलं. काव्य म्हणतं की या लहान देवांनी तिग्रिस खोदली, युफ्रेटिस खोदली, रात्रंदिवस राबले, वर्षांवर वर्षं मोजत राहिले. आपल्याला नद्या देवाची देणगी वाटतात ना, इथे नद्या म्हणजे देवांनी टोपल्यांनी माती वाहून केलेली मजुरी आहे. मला हे वाचून अंगावर काटा आला होता. जगातल्या इतक्या उत्पत्तीच्या कथा ऐकल्या, कुठे शब्दातून जग निघतं, कुठे अंड्यातून, पण पहिल्याच ओळीत देव माणसासारखे ओझं वाहत होते असं सांगणारी कथा मला दुसरी माहीत नाही.

आता इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. गावातल्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी एक व्हिडिओ फिरतो, अनुन्नाकी म्हणजे दुसऱ्या ग्रहावरून आलेले एलियन, निबिरू नावाच्या ग्रहावरून, पृथ्वीवरचं सोनं खणायला आले आणि त्यांनी माणसाला लॅबमध्ये बनवलं वगैरे. चांगली शिकलेली पोरं खरं मानून फॉरवर्ड करतात. मी प्रत्येक वेळी लिहितो, इथेही लिहितो: पाट्यांमध्ये सोन्याच्या खाणीचं नाव नाही. त्यात कालवे आहेत, गाळ आहे, फावडं आणि टोपलं आहे. निबिरू हे बाबिलोनी ज्योतिषात मार्दुकच्या, म्हणजे बाबिलोनच्या मुख्य देवाच्या, ताऱ्याचं नाव, बऱ्याच ठिकाणी तो म्हणजे आपला गुरू ग्रह. सोन्याची गोष्ट मागच्या शतकातल्या खपाऊ पुस्तकांतून आली आणि तिथून यूट्यूबवर गेली. मला चीड याची येते की ज्या लोकांनी स्वतःचं रोजचं राबणं इतक्या खरेपणानं देवांच्या गोष्टीत लिहून ठेवलं, त्यांच्या तोंडातून ते राबणंच काढून घेतलं आणि तिथे यान बसवलं. 

असो, परत वेढ्याकडे. एन्लिल अनूला बोलावतो, एन्कीला बोलावतो, आणि नुस्कूला बाहेर पाठवतो की जा विचार, हे कोणी सुरू केलं, पुढारी कोण आहे. नुस्कू हत्यार घेऊन जातो, सगळ्यांसमोर उभा राहून विचारतो. आणि इगिगी उत्तर देतात की आम्ही प्रत्येकानं. आमच्यातल्या एकेका देवानं युद्ध पुकारलंय, खोदकाम आम्ही बंद पाडलंय, ओझं इतकं झालंय की जीव जातोय.

एकही नाव पुढे करत नाहीत. नाव सांगितलं की पकडायला माणूस मिळतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या लेखनिकाला संप कसा टिकतो ते इतकं बारीक माहीत असावं, म्हणजे त्यानं तो पाहिलेला तरी असावा किंवा ऐकलेला तरी, असं मला मनापासून वाटतं.

एन्लिलला रडू येतं. तो म्हणतो एकाला धरा आणि मारा. पण मोठ्या देवांपैकीच एकजण म्हणतो की यांना दोष कसला देता, काम जडच होतं, यांचं ओरडणं आपल्याला रोज ऐकू येत होतं. रोज ऐकू येत होतं! ही कबुली त्या पाटीवर आहे.

मग तोडगा निघतो तो म्हणजे माणूस. जन्म देणारी देवी आहे, मामी किंवा निन्तू किंवा बेलेत-इली, नावं बरीच आहेत तिची, तिला बोलावतात. माती हवी आणि देवाचं रक्त-मांस हवं. म्हणून एका देवाला सगळ्यांच्या सभेत मारतात, वे-इला त्याचं नाव, ज्याला बुद्धी होती असा देव. त्याचं रक्त-मांस मातीत कालवतात, आणि सगळे देव, लहान-मोठे, त्या मातीवर थुंकतात. आणि देवी म्हणते की तुमचं जड काम मी काढून घेतलं, तुमचं टोपलं माणसाच्या डोक्यावर दिलं. मेलेल्या देवाचं भूत माणसात राहिलं म्हणून पुढे कायम एक ढोल वाजत राहिला असंही त्यात आहे, काही अभ्यासक म्हणतात की तो ढोल म्हणजे छातीतली धडधड. मला ते पटतं.

आईला ही गोष्ट मी कापूस वेचताना सांगितली. तिनं तरुणपणी रोजगार हमीवर नाल्याचं खोदकाम केलंय, पांदणीवर मुरूम टाकलाय, टोपलं काय असतं ते तिला पुस्तकातून शिकावं लागत नाही. ती ऐकत ऐकत वेचत होती, मग म्हणाली, "म्हंजे देवंई रोजीनंच होते म्हना. मंग ज्याले मारलं त्याचं काय केलं? त्याच्या घरच्याइले काई देल्लं का नाई?" मी म्हटलं पाटीवर तसं काही नाही लिहिलेलं. "कायले लिहितीन," ती म्हणाली आणि पुढच्या तासाला लागली.

तिनं नेमका तोच धागा धरला जो मलाही सुटत नव्हता. इगिगी म्हणजे मोठा थोरला जमाव, आणि त्या जमावातून आपल्यापर्यंत नाव आलं ते फक्त त्याचं, ज्याला मारलं. (तो इगिगींचाच पुढारी होता का यावर अभ्यासकांमध्ये चर्चा आहे, पण मला तो त्यांच्यातलाच वाटतो, बुद्धी असलेला म्हणून मुद्दाम त्यालाच निवडला तर आणखी कशासाठी निवडला असेल?) बाकीचे नुसता आकडा होऊन राहिले. एनुमा एलिश म्हणून दुसरं काव्य आहे, मार्दुकच्या राज्याभिषेकाचं, त्यात मार्दुक या लहान देवांची नेमणूक करतो, तीनशे वर आकाशात पहाऱ्याला आणि तीनशे खाली पृथ्वीवर, एकूण ६००. इथे त्यांना अनुन्नाकी म्हटलंय, ही नावं काळाप्रमाणे अदलाबदल होत गेलीत, जुन्या काळात अनुन्नाकी म्हणजे मोठे देव, पुढे पुढे इगिगी म्हणजे आकाशातले आणि अनुन्नाकी म्हणजे पाताळातले, मेलेल्यांचा न्याय करणारे. ज्यांना एकच एक पक्की व्याख्या हवी असते त्यांना याचा त्रास होतो. पण दोन-अडीच हजार वर्षं चाललेल्या धर्मात असं होणारच. आणि एनुमा एलिशमध्येही माणूस बनवून काम हलकं झाल्यावर हेच देव स्वतःहून कुदळ धरतात आणि मार्दुकसाठी पूर्ण एक वर्ष विटा पाडतात, त्याचं देऊळ उभं करायला. 

टोपल्याबद्दल आणखी एक, कारण मला ते फार आवडतं. तिथले राजे स्वतःला डोक्यावर टोपलं घेतलेलं कोरून घ्यायचे. उर शहराचा राजा उर-नाम्मू, त्याच्या काळातल्या तांब्याच्या छोट्या मूर्ती आहेत, देवळाच्या पायात पुरायच्या, दोन्ही हातांनी डोक्यावरचं टोपलं धरलेला राजा. आणि त्याच्यानंतर चौदाशे वर्षांनी अश्शूरचा, म्हणजे बाबिलोनच्या उत्तरेकडच्या राज्याचा, राजा अशुरबनिपाल, ज्याच्या राजधानीतल्या, निनवेतल्या ग्रंथालयातून या मातीच्या पाट्यांचे हजारो तुकडे निघाले, तोही बाबिलोनचं देऊळ दुरुस्त केलं तेव्हाच्या दगडावर टोपलं घेऊन उभा आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये आहे तो दगड. देवासमोर जाताना राजालाही इगिगींचं ओझं डोक्यावर घ्यावं लागत होतं असं मी त्याचं वाचन करतो.

आकड्यानं ओळखले जाणारे देव आपल्याकडे कोणाला नवीन नाहीत. आमच्या गावच्या जुन्या विहिरीवर साती आसरा आहेत, सात दगड, शेंदूर लावलेले, बाया हिरव्या बांगड्या ठेवतात, पाण्याजवळ लहान पोराला एकटं सोडू नये म्हणतात कारण आसरा ओढून नेतात, आणि विहीर खोदायची तर आधी त्यांचं करावं लागतं. गावात कोणालाही विचारा की यातली पहिली कोणती, चौथी कोणती, नाव काय, सांगता येत नाही आणि सांगायची गरजही पडत नाही. सात म्हटलं की झालं. त्या राखतातही आणि नेतातही, दोन्ही एकच.

बाबिलोनमध्येही सातांचा एक गट होता, सेबित्ती, नावच सात. अनूपासून पृथ्वीला झालेले सात मुलगे. एर्राच्या काव्यात अनू एकेकाला नेमून देतो, एकाला म्हणतो आगीसारखा जाळत जा, एकाला म्हणतो सिंहाचं तोंड घे, सातव्याला म्हणतो जे जिवंत दिसेल ते मार. आणि एर्रा म्हणजे रोगराई आणि लढाईचा देव, तो आळसावून झोपलेला असतो तर हे सात त्याला टोचत बसतात की म्हाताऱ्यासारखा घरात काय बसलास, शहरातली भाकरी कितीही चांगली असली तरी रानात विस्तवावर भाजलेल्या भाकरीची चव तिला नाही, आमच्या हत्यारांवर कोळ्यांनी जाळी विणलीत. काय बारीक तपशील आहे, कोळ्याची जाळी! मग एर्रा उठतो आणि बाबिलोनची पार वाट लावतो. हे काव्य कब्ती-इलानी-मार्दुक नावाच्या माणसानं रचलं असं त्यातच लिहिलंय, आणि शेवटी म्हटलंय की ज्या घरात ही पाटी असेल त्या घराला सातांची तलवार लागणार नाही. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की ताईतासारख्या टांगता येतील अशा पाट्यांवर त्याचे भाग लिहून घरात ठेवले, तशा पाट्या खोदकामात सापडल्या आहेत. हेच सात आकाशात म्हणजे कृत्तिका, शिक्क्यांवर सात ठिपके काढले की ते. 

आणि सातांचा दुसरा एक गट निव्वळ वाईट. त्यांच्याविरुद्धच्या मंत्रांची अख्खी मालिकाच आहे, १६ पाट्यांची. सात आहेत ते, सात आहेत, खोल पाण्यात सात आहेत, ना पुरुष ना बाई, बायको नाही, लेकरू नाही, दया माहीत नाही, विनवणी ऐकत नाहीत, असा तो मंत्र चालतो. बायको-लेकरं नसणं आणि दया नसणं तिथे एका दमात सांगितलंय. चंद्रग्रहण म्हणजे या सातांनी चंद्रदेव सीनला घेरणं, आणि तेव्हा देवळात काशाचा मोठा नगारा वाजवायचे. ग्रहण राजावर येणार असं ज्योतिष्यांनी सांगितलं तर अश्शूरमध्ये राजाच्या जागी दुसराच माणूस गादीवर बसवायचे, संकट त्याच्यावर घ्यायला, जास्तीत जास्त १०० दिवस, आणि मुदत संपली की त्याला मारायचे. एसरहद्दोन राजाच्या काळातली त्याची पत्रं आहेत. म्हणजे वे-इलाचंच पुन्हा, एकाला धरा.

पण सामान्य माणूस या सगळ्यात काय करायचा, तर घर राखायचा. मला हा भाग इगिगींइतकाच जवळचा आहे. घरात आजारपण शिरू नये म्हणून मंत्र जाणणारा पुजारी यायचा, त्याला आशिपू म्हणत, तो मातीच्या खाणीवर जायचा, आधी खाणीची पूजा करायचा, तिला सोन्या-चांदीचे कण वाहायचा, तुझा मोबदला तुला मिळाला असं म्हणायचा, आणि मगच माती उचलायचा. त्या मातीच्या छोट्या छोट्या मूर्ती करायच्या, माशाचं कातडं पांघरलेले सात ज्ञानी, त्यांना अप्कल्लू म्हणतात, पक्ष्याच्या तोंडाचे, सिंहाच्या तोंडाचे, आणि त्या उंबऱ्याखाली, खोलीच्या कोपऱ्यात, दाराजवळ जमिनीत पुरायच्या. बाहेरून काही दिसत नाही. जमिनीखाली पहारा बसलेला.

त्यात कुत्रेही असायचे. निनवेतल्या अशुरबनिपालच्या राजवाड्यात असे मातीचे पाच कुत्रे सापडले, बोटभर लांबीचे, शेपटी वर वळलेली, वेगवेगळ्या रंगात रंगवलेले, आणि प्रत्येकाच्या अंगावर त्याचं नाव कोरलेलं. एकाचं नाव शत्रूला धरणारा. एकाचं वैऱ्याला चावणारा. एकाचं दुष्टाला हाकलणारा. एकाचं त्याचं भुंकणं मोठं. आणि एकाचं नाव, विचार करू नको, चाव. मी त्यांचा फोटो खूप वेळ झूम करून पाहिला, कोणीतरी ओल्या मातीत काडीनं ही अक्षरं काढलीत, जागा कमी म्हणून दाटून काढलीत. तीनशे आणि सहाशे देवांना नावं नाहीत पण दारातल्या कुत्र्याला आहे, कारण रात्री त्यालाच हाक मारायची असते.

राजवाड्याच्या दाराला मात्र कुत्रे पुरत नसत, तिथे लामास्सू, माणसाचं डोकं, बैलाचं अंग, गरुडाचे पंख, आणि पाय पाच, म्हणजे समोरून पाहिलं तर उभा आणि बाजूनं पाहिलं तर चालताना दिसावा म्हणून. इराकातल्या खोर्साबादला अश्शूरचा राजा सारगोन दुसरा याच्या राजवाड्यातून १८४३ नंतर असे बैल निघाले. २०१५ मध्ये आयसिसवाल्यांनी निनवेच्या वेशीवरच्या लामास्सूचं तोंड ड्रिलनं फोडलं, तो व्हिडिओ मी अर्ध्यात बंद केला होता. पण २०२३ मध्ये खोर्साबादला एक १८ टनांचा लामास्सू मातीतून परत निघाला, जवळपास धडधाकट, फक्त डोकं नाही, ते १९९० च्या दशकात चोरांनी कापून नेलेलं आणि पुढे हाती लागलं, आता बगदादच्या म्युझियममध्ये आहे. डोकं गेल्यावर उरलेलं अंग वाचलं ते जमिनीखाली असल्यामुळेच.

आमच्याकडून मुंबईला लोक जातात ते दवाखान्याच्या नाहीतर मंत्रालयाच्या कामानं, आणि काम बहुतेक पहिल्या दिवशी होत नाही. तर मधल्या रिकाम्या वेळात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊन या, सीएसएमटीवरून फार लांब नाही. निमरूदच्या, म्हणजे अश्शूरच्या एका जुन्या राजधानीच्या, राजवाड्याच्या भिंतीवरचे कोरीव दगड तिथे आहेत. १८४० च्या दशकात निमरूदच्या मूर्तींच्या पेट्या तराफ्यांवरून बसऱ्याला आणि तिथून मुंबईमार्गे लंडनला जात होत्या, म्हणजे हे देव आपल्या बंदरात उतरून गेलेत. अशा दगडांवर जे पंखवाले असतात त्यांच्या हातात नीट पाहा, एका हातात छोटी बादली असते आणि दुसऱ्या हातात शंकूसारखं काहीतरी, पाणी शिंपडून राजाला शुद्ध करायचं काम असतं त्यांचं. ग्रुपवरचे व्हिडिओवाले त्या बादलीला एलियनची बॅग म्हणतात. बादलीच आहे ती.